गप्प राहायला शिकवणारी लस

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडाला कुठला जंतू लागलेला नसतो, गाठ आलेली नसते, खाण्यापिण्यात काही चुकलेलंही नसतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी आपलं काम चोख करत असतात आणि शरीराच्याच प्रतिकारसंस्थेतल्या टी-पेशी त्यांना हेरून मारत असतात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग मूल सारखं पाणी मागू लागतं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतं, पोटभर जेवूनही वाळत जातं. रक्तातल्या साखरेचा आकडा हाती आला की घर हादरतं. आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, आमचं काय चुकलं? काहीही चुकलेलं नसतं, आणि हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ठामपणे सांगायला हवं.

त्या दिवसापासून इन्सुलिन सुरू होतं. ते जीव वाचवतं, पण हल्ला थांबवत नाही. उरलेल्या बीटा पेशी मरतच राहतात. हल्ला थांबवायचा तर आजवर हाताशी होती ती सगळ्या प्रतिकारसंस्थेलाच दाबून ठेवणारी औषधं. ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत ती घ्यावी लागतात आणि त्यांचा उपयोगही होतो; मात्र औषधानुसार क्षयापासून नागिणीपर्यंत कशाची ना कशाची धास्ती बाळगावी लागते. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. टाइप १ मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये ते आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलतं. ही मोठीच गोष्ट आहे. पण तेही टी-पेशींना सरसकट आवर घालतं. इन्सुलिनवर उठलेली टी-पेशी आणि फ्लूच्या विषाणूशी लढणारी टी-पेशी यांत फरक करत नाही.

फक्त चुकलेल्या टी-पेशी गप्प करायच्या आणि बाकीचा बंदोबस्त जसाच्या तसा ठेवायचा, हे जमेल का? त्यासाठी शास्त्रज्ञांनी हाती घेतलेल्या साधनांपैकी एक आहे डीएनए लस. लस म्हणजे प्रतिकारशक्ती जागी करणारी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीच गोष्ट उलट्या कामासाठी कशी वापरता येते, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात थायमसपासून करावी लागते. छातीच्या हाडामागे असलेल्या या ग्रंथीत टी-पेशी तयार होऊन बाहेर पडतात. प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एकाच घडणीचे ग्राहक, म्हणजे ओळख पटवणारे रेणू, असतात आणि ती घडण जवळपास योगायोगाने ठरते. म्हणजे काही टी-पेशींचे ग्राहक विषाणूच्या तुकड्याला चिकटणारे निघतात, तर काहींचे आपल्याच इन्सुलिनला. या दुसऱ्या प्रकारच्या पेशी बाहेर पडू नयेत म्हणून थायमसमध्ये एक विलक्षण सोय आहे. तिथल्या काही पेशी शरीराच्या इतर भागांतली प्रथिनं अगदी थोड्या प्रमाणात स्वतःच तयार करतात. त्यात इन्सुलिनही असतं, जे खरं तर स्वादुपिंडाबाहेर कुठे तयार व्हायचं कारण नाही. ही प्रथिनं टी-पेशींना दाखवली जातात आणि जी टी-पेशी त्यांना घट्ट चिकटते तिला तिथेच मरावं लागतं.

ही चाळणी चांगली आहे, पण पूर्ण नाही. थोड्याफार गैर पेशी प्रत्येकाच्याच शरीरात निसटतात, तुमच्या-माझ्याही. त्या बहुतेकांना कधी त्रास देत नाहीत, कारण थायमसबाहेरही पहारा आहे. नियामक टी-पेशी इतर टी-पेशींना आवरून धरतात. हा बाहेरचा पहारा उलगडून दाखवल्याबद्दल शिमॉन साकागुची, मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि दुसरी व्यवस्था आहे दोन इशाऱ्यांची. डीएनए लशीचं सगळं गणित या व्यवस्थेवर उभं आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

टी-पेशी अख्खं प्रथिन ओळखत नाही. पेशीच्या आत प्रथिनाचे तुकडे होतात आणि एचएलए नावाचे रेणू ते तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडतात. टी-पेशीचा ग्राहक त्या तुकड्याला जुळला, की तिला पहिला इशारा मिळाला. पण तेवढ्यावर ती हल्ला चढवत नाही. तुकडा दाखवणाऱ्या पेशीच्या अंगावर सीडी८० किंवा सीडी८६ हे रेणू आहेत का, हे ती दुसऱ्या एका ग्राहकाने चाचपते. हे रेणू भरपूर प्रमाणात येतात ते धोक्याची चाहूल लागलेल्या डेंड्रायटिक पेशींवर, म्हणजे टी-पेशींना तुकडे दाखवणाऱ्या पहारेकरी पेशींवर: जंतू आला, ऊतींना इजा झाली, दाह सुरू झाला की. हा दुसरा इशारा मिळाला तर टी-पेशी फोफावते, तिच्या हजारो प्रती होतात. पहिला इशारा आला आणि दुसरा आलाच नाही, तर ती बधिर होते. पुढे तोच तुकडा पुन्हा समोर आला तरी सहसा उठत नाही. काही वेळा ती मरते, तर काही वेळा तिच्यासारख्याच पेशींमधून नियामक टी-पेशी घडतात.

म्हणजे काय दाखवलं, याइतकंच ते कोणत्या परिस्थितीत दाखवलं, यालाही महत्त्व आहे. गोवरासारख्या रोगांवरची लस जंतूचा अंश धोक्याच्या इशाऱ्यासकट दाखवते. ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उठण्याच्या, आजारावरच्या लशीला शरीराचंच प्रथिन दाखवायचं आहे, पण धोक्याची कसलीही चाहूल लागू न देता.

आता डीएनए. १९९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जॉन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला. त्याला विषाणूचं वाहन नव्हतं की मेदाचं वेष्टन. स्नायूपेशींनी तो आत घेतला आणि त्यावरून प्रथिन बनवायला सुरुवात केली. १९९३ मध्ये फ्लूच्या एका प्रथिनाचा जनुक असाच टोचून उंदरांना फ्लूपासून संरक्षण देता आलं. माणसांसाठी मान्यता मिळालेली पहिली डीएनए लस भारतातली आहे: अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी. कोविडवरच्या या लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आणि सुरुवातीला ज्या सात राज्यांसाठी तिची योजना झाली त्यात महाराष्ट्र होता. सुईशिवाय, त्वचेत दिली जाणारी ही लस होती. त्वचाच का निवडली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्वचेत डेंड्रायटिक पेशींची दाटी असते आणि तिथे त्या जाग्या व्हाव्यात हाच हेतू होता. आपल्याला हवं आहे ते याच्या नेमकं उलट.

या लशीतला डीएनए म्हणजे प्लाझमिड, काही हजार अक्षरांचं एक बंद वर्तुळ. त्यात हव्या त्या प्रथिनाचा जनुक असतो. त्याच्या आधी एक चालक भाग असतो, तो माणसाच्या पेशीला ‘इथून वाचायला लाग’ असं सांगतो. जनुकानंतर वाचन संपवणारा भाग येतो. शिवाय हे वर्तुळ जिवाणूत वाढवता यावं म्हणून लागणारे थोडे भाग असतात, कारण प्लाझमिडचं उत्पादन ई. कोलाय जिवाणूच्या मोठ्या टाक्यांमध्ये होतं. वाढ झाली की जिवाणू फोडतात आणि त्यांच्या गाळातून प्लाझमिड वेगळं करतात. जिवाणूच्या आवरणातली विषारी द्रव्यं या टप्प्यावर कसून काढावी लागतात. कुठल्याही इंजेक्शनसाठी ती काढावीच लागतात, पण इथे आणखी एक कारण आहे: ती राहिली तर तीच धोक्याचा इशारा देतील आणि लस उलटेल.

पण स्वतः डीएनएच इशारा देत असेल तर? १९९५ साली आर्थर क्रीग यांच्या गटाने दाखवलं की जिवाणूच्या डीएनएत सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन, म्हणजे सी आणि जी ही अक्षरं एका ठरावीक संदर्भात आली की प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्या बी-पेशी खवळतात. आपल्या डीएनएत ही जोडी कमी वेळा येते आणि आली तरी तिच्यावर बहुधा मेथिल गट बसलेला असतो. जिवाणूत ती उघडी असते. आपल्या पेशींना यावरूनच परका डीएनए कळतो. तो ओळखणारा ग्राहक, टीएलआर-९, जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने २००० साली शोधला. प्लाझमिड जिवाणूत वाढलेलं असल्यामुळे त्यावरच्या सी-जी जोड्याही उघड्याच राहतात.

संसर्गावरच्या लशीला हे फायद्याचं ठरतं, कारण इशारा फुकटात मिळतो. इथे मात्र तांदळातले खडे वेचावेत तशा या जोड्या प्लाझमिडमधून वेचून काढाव्या लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लॉरेन्स स्टाइनमन आणि त्यांच्या कामातून उभी राहिलेली बेहिल थेरप्युटिक्स ही कंपनी यांनी ते केलं. सी-जीच्या जागी जी-जी घातलं. उंदरांवरच्या अभ्यासात असा जी-जी असलेला डीएनए नुसता गप्प बसत नाही, तर प्रतिकारसंस्थेला थोडं शांतही करतो असं दिसलं होतं. अर्थात सगळेच खडे निघत नाहीत. चालक भागातलं अक्षर बदललं तर तो भाग चालेनासा होण्याची भीती असते. जनुकाच्या आतलं अक्षर बदलायचं तर प्रथिन तेच राहील अशी पर्यायी अक्षरं शोधावी लागतात.

आता जनुक कोणता घ्यायचा? टाइप १ मधुमेहात टी-पेशींची नजर अनेक प्रथिनांवर असते, पण इन्सुलिनवर ती फार आधीपासून असावी, असं मानायला चांगला आधार आहे. आपोआप मधुमेह होणाऱ्या एका जातीच्या उंदरांत संशोधकांनी मूळ इन्सुलिनचे जनुक काढून टाकले आणि त्याऐवजी एक अमिनो आम्ल बदललेलं इन्सुलिन बसवलं. त्या उंदरांना मधुमेह झाला नाही. म्हणून निवड झाली प्रोइन्सुलिनची, म्हणजे इन्सुलिन कापून वेगळं होण्याआधीच्या अख्ख्या साखळीची.

अख्खी साखळी घेण्यात आणखी एक शहाणपण आहे. माणसामाणसाचे एचएलए रेणू वेगळे असतात आणि ते एकाच प्रथिनातले वेगवेगळे तुकडे मांडतात. एकच लहान तुकडा टोचला तर तो काहींना लागू पडेल, काहींना नाही. पूर्ण जनुक दिला की ज्याची त्याची पेशी आपापल्या एचएलएला जमेल तो तुकडा स्वतःच निवडते.

ही लस, बीएचटी-३०२१, स्नायूत टोचली जाते. काही स्नायूपेशी प्लाझमिड आत घेतात, त्यांच्या केंद्रकात ते आपल्या गुणसूत्रांपासून वेगळं राहतं, आणि तिथून प्रोइन्सुलिन बनू लागतं. त्याचं प्रमाण इतकं थोडं असतं की रक्तातल्या साखरेवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. तो हेतूही नाही. प्रथिनाचे तुकडे स्नायूपेशीच्या पृष्ठभागावर येतात. रक्तातून फिरणारी इन्सुलिनवैरी टी-पेशी तिथे पोचते आणि तिचा ग्राहक जुळतो. पण स्नायूपेशीवर सीडी८० आणि सीडी८६ नसतात, त्यामुळे दुसरा इशारा मिळत नाही. आसपासच्या डेंड्रायटिक पेशींकडेही थोडा डीएनए, थोडं प्रथिन जातं. त्यांना धोक्याची चाहूल लागलेली नसते, तेव्हा त्याही तुकडा शांतपणेच दाखवतात. जे थायमसमध्ये व्हायचं राहून गेलं होतं, ते अशा रीतीने मांडीत किंवा दंडात उशिरा घडवायचा हा प्रयत्न आहे.

तो साधला की नाही, हे कसं कळणार? साखर मोजून नाही, कारण रुग्ण बाहेरून इन्सुलिन घेतच असतो. त्यासाठी सी-पेप्टाइड मोजतात. प्रोइन्सुलिन ही ८६ अमिनो आम्लांची साखळी. बीटा पेशीत ती दोन ठिकाणी कापली जाते, दोन टोकं जुळून ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन होतं आणि मधला भाग, म्हणजे सी-पेप्टाइड, सुटा होऊन रक्तात येतो. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू. कुपीतल्या किंवा पेनमधल्या इन्सुलिनमध्ये हा भाग नसतोच. म्हणून रक्तात जितकं सी-पेप्टाइड, तितकंच काम रुग्णाच्या स्वतःच्या बीटा पेशींनी केलेलं. रात्रभर उपाशी ठेवून रुग्णाला ठरावीक पोषक पेय देतात आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत जातात. चाचणीला वेळ लागतो आणि ती कंटाळवाणी आहे, पण बीटा पेशी किती तग धरून आहेत हे ती सरळ सांगते.

बीएचटी-३०२१ ची माणसांवरची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टाइनमन यांच्यासोबत नेदरलँड्समधल्या लायडनचे बार्ट रूप त्यात होते. मधुमेहाचं निदान होऊन पाच वर्षांहून अधिक काळ न लोटलेले ८० प्रौढ रुग्ण घेतले होते. दर तिघांपैकी दोघांना लस आणि एकाला नुसतं द्रव, आठवड्याला एक याप्रमाणे १२ आठवडे. मात्रा चार होत्या: ०.३, १, ३ आणि ६ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅमच्या गटात १५ व्या आठवड्याला सी-पेप्टाइड सुरुवातीपेक्षा १९.५ टक्क्यांनी वाढलेलं होतं. नुसतं द्रव मिळालेल्यांमध्ये ते ८.८ टक्क्यांनी घटलं होतं. लशीमुळे गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत.

मला मात्र या अभ्यासातली दुसरी मोजणी जास्त मोलाची वाटते. संशोधकांनी रक्तातल्या प्रोइन्सुलिनवैरी मारक टी-पेशी वेगळ्या करून मोजल्या. त्या कमी झाल्या होत्या आणि ज्यांच्यात त्या कमी झाल्या त्यांचं सी-पेप्टाइड टिकलं होतं. इतर, असंबंधित प्रथिनांवर रोखलेल्या टी-पेशींना मात्र धक्का लागला नव्हता. सगळा बंदोबस्त न हलवता नेमक्या पेशी गप्प करता येतात, हे माणसांमध्ये इतक्या थेटपणे दिसणं सोपं नव्हतं.

या निकालाने फार हुरळून मात्र जाऊ नये. ८० जण चार मात्रांत आणि दोन गटांत विभागले की एकेका गटात थोडेच उरतात. कालावधी लहान होता. कुणाचंही इन्सुलिन सुटलं नाही.

आणि मात्रा किती द्यायची, हे कोडं आहेच. ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या चाचणीत आणखी स्पष्ट दिसलं. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिन हे आवरण टी-पेशी कुरतडतात. बेहिलने मायलिनमधल्या एका प्रथिनाचा जनुक घालून बीएचटी-३००९ बनवली आणि २८९ रुग्णांमध्ये तपासली. निकाल २००८ मध्ये आले. ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या मेंदूत नवे, सक्रिय व्रण दिसण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, जरी संख्याशास्त्राची नेहमीची अट थोडक्यात हुकली होती. १.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. औषध जास्त आणि गुण कमी, हे चमत्कारिक वाटतं. एक स्पष्टीकरण असं, की वेचूनही थोडे खडे राहतातच. तांदूळ तिप्पट घेतला की ते खडेही तिप्पट होतात. एका मर्यादेपलीकडे राहिलेल्या सी-जी जोड्यांचा इशारा शांततेवर मात करतो.

इशारा चुकला तर काय होऊ शकतं, याचा धडा वैद्यकाला आधीच मिळाला होता. मायलिनच्याच एका तुकड्यात थोडा फेरफार करून तो मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना टोचण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल २००० साली आले. ती डीएनए लस नव्हती, थेट प्रथिनाचा तुकडा होता. एका चाचणीत काही रुग्णांचा आजार उसळला, दुसरीत काहींना ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया आली, आणि दोन्ही थांबवाव्या लागल्या. जे प्रथिन शांत करायला दाखवायचं तेच पेटवूही शकतं. म्हणून या क्षेत्रातली सावकाश चाल, लहान मात्रा, वारंवार रक्त तपासणं, यांचा कंटाळा करून चालणार नाही. त्या रुग्णांनी दिलेली किंमत त्यामागे आहे.

पुढची मजल आरएनएच्या वाटेने सुरू आहे. जर्मनीतल्या माइंझच्या बायोएनटेकमध्ये उगुर शाहीन यांच्या गटाने २०२१ मध्ये मायलिनच्या तुकड्याचा संदेश देणारा आरएनए उंदरांना दिला. त्यातलं एक अक्षर रासायनिकदृष्ट्या बदललेलं होतं, त्यामुळे तो दाह पेटवत नाही. उंदरांमधला मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार थोपला, आणि सुरू झालेला असल्यास सौम्य झाला. यात एक गोष्ट मोठी आशा देणारी होती. लस एकाच तुकड्याची होती, पण तिच्यामुळे तयार झालेल्या नियामक टी-पेशींनी शेजारच्या, दुसऱ्या तुकड्यांवर उठलेल्या टी-पेशींनाही आवरलं. माणसाचा आजार जुना होतो तसा टी-पेशींचा रोख एका प्रथिनावरून दुसऱ्यावर पसरत जातो. त्या प्रत्येकासाठी वेगळी लस करावी लागली असती तर हे काम आवाक्याबाहेर गेलं असतं.

अशी लस उपयोगी पडायची तर ती वेळेवर द्यायला हवी. टाइप १ मधुमेहाची चाहूल आधी लागू शकते. स्वादुपिंडातल्या प्रथिनांविरुद्धची दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं मुलाच्या रक्तात सापडली तर पुढच्या १० वर्षांत सुमारे ७० टक्के मुलांना मधुमेह होतो, असं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा बीटा पेशी बऱ्याच शिल्लक असतात आणि वाचवण्यासारखं काहीतरी हातात असतं. टेप्लिझुमॅबही लक्षणं दिसण्याआधीच देतात. नेमकं गप्प करणारी लस यायची असेल तर तिचीही खरी जागा तीच.

आज घडीला टाइप १ मधुमेहावर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसवर अशी कुठलीही लस दवाखान्यात मिळत नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं सांगून मुलाचं इन्सुलिन बंद करायला लावणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याच्या नादी लागणं म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणं आहे. चाचणीची खरी बातमी येईल तेव्हा ती वाचताना सी-पेप्टाइड किती महिने टिकलं ते पाहावं. चुकलेल्या टी-पेशी मोजल्या होत्या का आणि त्या कमी झाल्या का, ते पाहावं. आणि त्याच रुग्णांना फ्लूची किंवा धनुर्वाताची लस दिल्यावर त्यांचं शरीर नेहमीसारखं उठून उभं राहिलं का, तेही पाहावं.